बेडूक मारणारे सय्यद काका

कर्वेनगरला आमच्या खोलीसमोर राहणारे सय्यद काका रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून संगणकासमोर बसत आणि बेडूक मारत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, खेळही कचेरीच्या वेळेतच खेळायचा. रविवारी बेडकांना सुट्टी.

बेडूक अर्थात व्हिडिओ गेममधले. नागपूरची नात सना आणि काका मिळून एकच वीर खेळवत. शेवटी ड्रॅगनशी लढाई होती. पण त्याआधी वीराची ताकद वाढायला हवी, आणि ती दलदलीतले बेडूक मारून मारून, अगदी कणाकणानं वाढायची. सनाला त्याचा कंटाळा. म्हणून बेडूक आजोबांकडे, ड्रॅगन तिच्याकडे. शाळा सुटली की तिचा फोन यायचा, "नाना, लेव्हल किती झाली?"

चहाच्या वेळी काका वीराला दलदलीतच सोडून उठत. येईपर्यंत बेडकांनी त्याला संपवलेलं असे आणि कमावलेली थोडी ताकद जाई. मी खेळ थांबवायचं बटण दाखवलं, तर म्हणाले, "चहाच्या सुट्टीत अंगावर येतात म्हणजे काय? काही शिस्त?" बटण त्यांनी कधीच दाबलं नाही.

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. कुणाला काय विचारावं कळायचं नाही, म्हणून त्यांच्याकडे गणितं सोडवत बसायचो. एकसारखी गणितं पाहून सुस्कारा टाकला की ते पडद्यावरची नजर न हलवता म्हणत, "अहो इंजिनियर, माझे बेडूक तरी वेगळे दिसतात का?"

एकदा मी भीत भीत सुचवलं, की आपोआप बेडूक मारणारा प्रोग्रॅम मिळतो, काम लवकर उरकेल. काकांनी चष्मा काढून पुसला.

"आणि मग संध्याकाळी ती काय विचारणार? 'नाना, जेवलात का' एवढ्यासाठी मुलं फोन करत नाहीत."

त्यानंतर मी प्रोग्रॅमचाच काय, खेळ थांबवायच्या बटणाचाही विषय काढला नाही.

पण काका कितीही चहा प्यायले तरी ताकद वाढायची ती वाढलीच. दिवाळीच्या सुट्टीत सनानं ड्रॅगन मारला. दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून बंद संगणकासमोर पेपर वाचत बसले. संध्याकाळ झाली तरी तेच पान. मीही एकाच गणितावर अडून होतो.

फोन वाजला. सना सांगत होती, की खेळाचा दुसरा भाग आलाय, सगळं पहिल्यापासून, आणि यात खेकडे आहेत.

"परत पहिल्यापासून? कटकट आहे," काका म्हणाले. फोन ठेवून त्यांनी चहाचं आधण चढवलं आणि मला विचारलं, "खेकडे तरी चहाला थांबत असतील का हो?"