एफीनं कडी लावली

स्नूक्स कोव्ह या खाडीकाठच्या वस्तीत कुणी दारावर टकटक केली की समजायचं, एकतर सरकारी माणूस आहे नाहीतर नवा पाद्री. बाकी सगळे मागच्या दारानं सरळ आत येतात, पडवीत बूट काढतात आणि घरची बाई समोर असो वा नसो, स्वतःच विजेची किटली भरून लावतात. एफी कर्लीच्या घरी तर ही ये-जा दिवसभर चालायची. चहा काळाकुट्ट, दूध डब्यातलं, आणि सोबत पावाच्या पिठाचे टाउटन, तळून काकवीत बुडवलेले. तिच्या स्वयंपाकघरात कोण कधी आलं आणि कोण कधी गेलं याचा हिशेब खुद्द तिलाही नव्हता.

मासळीचा कारखाना चालू होता तोवर एफी सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून कॉडचे तुकडे कापायची. मनगटं तेव्हापासून गड्यासारखी. कॉडची मासेमारी थांबली, कारखान्याला टाळं लागलं, आणि अर्धी वस्ती पेट्या बांधून देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टाकडं कामाला गेली. त्यातच तिची एकुलती एक पोर रोंडाही गेली. पुढं नवरा लिअँडर छातीच्या दुखण्यानं गेला. "तू का नाही जात गं लेकीकडं?" असं कुणी विचारलं की एफी म्हणायची, "तिकडं खिडकीतून काय दिसतं? दुसऱ्याची खिडकी!" आणि विषय मिटवायची.

एप्रिलमध्ये रोंडाचा फोन आला.

"आई, बसलीयेस का? बस आधी. आमच्या कंपनीनं नवीन नियम काढलाय. घरून काम करायचं, आणि घर देशात कुठंही असलं तरी चालेल."

रोंडा एका विमा कंपनीत होती. कुणाचं छप्पर वादळात उडालं, कुणाच्या तळघरात पाणी शिरलं, की लोकांशी पडद्यावर समोरासमोर बोलून नुकसान बघायचं, हे तिचं काम.

"म्हणजे इथं?" एफीनं विचारलं. आवाज तिनं मुद्दामच कोरडा ठेवला.

"माझ्या वरच्या खोलीत. पण एक अट आहे. ज्या खोलीत बसून काम करणार, तिथून अर्धा दिवस चित्रासकट इंटरनेटची जोडणी चालवून दाखवायची. मध्ये तुटायला नको. दोन संधी देतात. आणि आई, कुणाला सांगू नकोस हं. अजून काही खरं नाही."

ते सांगायची गरजच नव्हती. काही वर्षांमागं रोंडा नाताळला येणार म्हणून एफीनं साऱ्या कोव्हला सांगितलं होतं, केक भाजले होते, आणि ऐनवेळी रोंडाला सुट्टी मिळाली नाही. त्यानंतर सगळा हिवाळा लोक येऊन तिची समजूत घालत राहिले. पोर न आल्याचं दुःख एकवेळ पेलवलं, पण ती समजूत नाही पेलवली. फोन ठेवल्यावर एफी वरच्या खोलीत गेली आणि नुसत्या गादीवर बराच वेळ बसून राहिली.

आता अडचण होती घराची. इंटरनेटची तार रस्त्याच्या बाजूनं यायची आणि पुढच्या बैठकीत संपायची. ती खोली उघडायची फक्त पाद्र्यासाठी आणि मयतासाठी. लिअँडरही तिथंच ठेवला होता. राउटर त्या खोलीत, रोंडाची खोली पार मागं, वरच्या मजल्यावर, आणि दोघांच्या मध्ये विटांची जाडजूड चिमणी आणि बिडाची अजस्र चूल. वायफाय बैठकीतून निघायचं आणि चुलीला धडकून तिथंच बसायचं.

रोंडानं टपालानं एक खोका पाठवला. आत तीन पांढऱ्या डब्या, मुठीएवढ्या, थेट प्लगात खुपसायच्या. याला मेश म्हणतात, असं ती म्हणाली. पहिली डबी राउटरजवळ. ती दुसरीला देणार, दुसरी वरच्या खोलीतल्या तिसरीला. एफीच्या ते लगेच ध्यानात आलं. घर पेटलं की विहिरीपासून माणसं रांगेनं उभी राहतात आणि बादल्या हातोहात पुढं देतात, तसंच हे. मधला माणूस चहा प्यायला गेला की संपलं.

"दुसरी कुठं लावलीस?" फोनवरून रोंडा.

"काचेच्या कपाटात, जादा वायर ओढून. लग्नातल्या कपांशेजारी. छान दिसती."

"आई! ती शोभेची वस्तू आहे का? मागं आरसा आहे त्या कपाटाला. बाहेर काढ."

"बरं बाई. मग चुलीमागं लावू?"

"लोखंडाच्या मागं? त्यापेक्षा समुद्रात टाक."

असं दोन दिवस चाललं. डबी मोरीजवळ लावली, जिन्याखाली लावली, एकदा एफीनं ती लोकरीच्या झबल्यात घालून टांगलीसुद्धा, थंडी बाधू नये म्हणून. शेवटी जागा सापडली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एक प्लग होता. त्याचं एक भोक लिअँडरच्या काळापासून जळून काळं पडलेलं, दुसरं चालू. तिथून एकीकडं बैठकीचं दार सरळ दिसायचं, दुसरीकडं जिना. डबी त्यात बसवली, आणि वर रोंडाच्या खोलीत, कंपनीनं पाठवलेल्या लॅपटॉपवर, चित्र असं स्वच्छ आलं की लेकीच्या कपाळावरची आठी मोजता यावी. त्या जागेवर इतकी वर्षं किटली असायची, ती एफीनं पलीकडच्या कोपऱ्यात हलवली.

पण जोडणी टिकेना. सकाळी झकास, दहाच्या सुमाराला गायब, थोड्या वेळानं पुन्हा झकास. एफी वरून खाली येईपर्यंत तिन्ही डब्यांचे दिवे शहाण्यासारखे हिरवे. रोंडा तिकडं डोकं धरून बसली, एफीनं इकडं डब्या पुसून काढल्या.

पहिल्या चाचणीच्या दिवशी व्हायचं तेच झालं. लॅपटॉप उघडून एफी वरच्या खोलीत बसली होती, चर्चला जायचा झगा घालून. पडद्यावर जनेल नावाची कंपनीतली तरुण मुलगी होती. अधूनमधून ती काहीबाही विचारायची, एफी उत्तर द्यायची. तासभर नीट गेला. आणि मग जनेलचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चित्र गोठलं, कोपऱ्यातला हिरवा ठिपका लाल झाला.

बराच वेळ तो पुन्हा हिरवा होईना, तेव्हा एफी जिन्यावरून धडधडत खाली आली. टेबलापाशी शेजारचा ह्युबर्ट पार्डी बशीत चहा ओतत बसला होता.

"एफे, तुज्यासाठी पण टाकलाय बघ," तो म्हणाला. "आनि ती तुजी वासाची डबी संपलीया. काडीचा वास येत न्हाई तिला."

"कसली वासाची डबी?"

"ही पांढरी. माज्या भाचीकडं मोरीत हाय तसली, लिंबाचा वास सोडती. मी दर टायमाला काढतो, किटली लावतो, आनि परत जिथल्या तिथं बसवून ठेवतो. दुसऱ्याची वस्तू हाय, नीट ठेवाय नको?"

किटली आपल्या जुन्या जागी होती आणि डबी तिच्याशेजारी उलटी पडली होती. ह्युबर्टच काय, सारी कोव्ह इतकी वर्षं त्याच भोकात किटली लावत आली होती. हात आपोआप तिथंच जाणार. त्याला झापावं असं तिच्या अगदी जिभेवर आलं. पण सगळा हिवाळा हाच माणूस न सांगता तिची लाकडं फोडून देत होता. शिवाय झापलं की कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की रोंडाचं नाव निघणार.

"नवी आणते हं," ती म्हणाली आणि चहा प्यायली.

फोनवर रोंडा आधी हसली. "एकच संधी राहिली, आई. त्या दिवशी किटली लपवून ठेव."

"ह्युबर्ट घरून स्वतःची आणंल."

"मग दाराला कडी लाव."

"कडी? आपल्या दाराला?"

कोव्हमध्ये दार बंद व्हायचं ते शवपेटी दफनभूमीकडं निघाल्यावर. एफीच्या मागच्या दाराला कडी होती, पण तिच्यावर रंगाचे इतके थर चढले होते की मासे कापायच्या सुरीनं खरवडून, डुकराची चरबी चोळून ती हलवावी लागली. चाचणीच्या सकाळी तिनं कडी सरकवली. तो आवाज तिला मुळीच आवडला नाही.

वर जनेल तयार होती. पहिला तास गेला. दुसरा चालू झाला. आणि खालून दार खडखडलं.

"एफे? ए एफे!"

एफीनं ओठ घट्ट मिटले. खुर्ची सोडायची नाही, कॅमेऱ्यापुढून हलायचं नाही. खिडकी उघडून ओ देता आली असती, पण मग सांगायचं काय? दार आणखी खडखडलं. मग ह्युबर्टची पावलं धावत गेली आणि परत आली ती एकटी नव्हती.

"दाराला कडी हाय, ड्युल्सी! आतनं!"

"देवा रे," ड्युल्सीचा आवाज. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई, आणि मेलेल्या माणसाला आंघोळ घालायची वेळ आली तर पहिली हजर. "कालच म्हणाली होती, पाय जड झालेत."

अंगणात माणसं गोळा होऊ लागली. एफीला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"लई गुणाची व्हती," कुणीतरी म्हणालं.

"जिभंनं तिखट."

"व्हय, पन कारखाना बंद पडला त्या वर्सी आमच्या पोरांना तिनंच जेवू घातलं. आनि कधी बोलून दाखवलं न्हाई."

"एकटी पडली बिचारी. लेक गेल्यावर रोज वरच्या खोलीतला दिवा लावायची ती. मला माज्या खिडकीतनं दिसायचा."

एफीनं मान खाली घातली. तो दिवा कुणाला दिसतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

"मिसेस कर्ली, बरं वाटतंय ना?" जनेलनं विचारलं.

"हो, हो. डोळ्यात काहीतरी गेलं."

"बरं. आणि... तुमच्या मागं खिडकीत एक माणूस आहे."

एफी वळली. काचेला नाक चिकटवून ह्युबर्ट शिडीवर उभा होता, टोपी काढून, छातीशी धरून. दोघांची नजरानजर झाली. ह्युबर्टचं तोंड वासलं.

"जिती हाय!" तो खाली बघून ओरडला. "जिती हाय, आनि चर्चचा झगा घालून टीव्ही बघत बसलीया!"

खुर्चीत बसल्या बसल्या एफीनं हात लांबवून खिडकी वर सरकवली. खाडीतल्या बर्फाचा गार वारा आत आला. खाली दहाबारा तोंडं वर वळलेली. ड्युल्सीच्या काखेत घडी घातलेली पांढरी चादर.

"कडी लावून बसायला आमी काय केलं गं तुजं?" ह्युबर्टनं विचारलं. "माजं काय चुकलं का?"

तो प्रश्न तिला सोसवला नाही.

"रोंडा घरी येतीय, ह्युबर्ट," ती म्हणाली. मग खाली सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं म्हणाली, "रोंडा येणार हाय. कायमची. ह्या खोलीत बसून काम करणार. ही जोडणी दुपारपर्यंत तुटली न्हाई तर येणार. तुटली तर न्हाई. आनि तू ज्याला वासाची डबी म्हनतोस ना, त्याच्यावरच सगळं चालतंय!"

ह्युबर्टनं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"मी... मी दर टायमाला परत लावून ठेवत व्हतो," तो कसाबसा म्हणाला.

"ठाऊक हाय. आत ये आता, आनि खाली जाऊन कडी काढ. माणसं किती वेळ गारठ्यात उभी करायची?"

ह्युबर्ट रबरी बुटांसकट खिडकीतून आत उतरला. लॅपटॉपसमोरून जाताना थबकला आणि जनेलपुढं अदबीनं मान झुकवली. "नमस्कार, बाई. जेवलात का?" त्यानं विचारलं. "अजून नाही," जनेल म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

कडी निघाल्याचा आवाज आला, पाठोपाठ पायांचा. मग ड्युल्सीचं बोलणं जिन्यावरून वर आलं, "मेली न्हाई ते बरं झालं. कुणीतरी किटली लावा आधी."

एफी हिरव्या ठिपक्याकडं बघत राहिली.

"त्या प्लगाला कुनी हात लावाल तर याद राखा!" खालून ह्युबर्ट गरजला. "पातेलं घ्या. चूल कशाला हाय मग? आजी काय विजेवर चहा करायची का?"

कुणीतरी चुलीत लाकूड टाकलं. भांडी वाजली. नंतर एफीला कळलं की ह्युबर्ट दुपारपर्यंत ओट्याला पाठ लावून त्या डबीपुढं उभा होता आणि चहासुद्धा तिथंच उभ्यानं प्यायला. खाली घर भरलं होतं. टाउटन तळल्याचा वास जिना चढून आला, कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं, आणि वर जनेलचं चित्र एकदाही थबकलं नाही.

"झालं, मिसेस कर्ली," जनेल म्हणाली. "एकदाही तुटली नाही. मी मंजुरी पाठवते. फक्त काम चालू असताना खोलीत दुसरं कुणी नको, तेवढा नियम आहे. गिऱ्हाइकांची खासगी माहिती असते."

"शिडी काढून ठेवते," एफी म्हणाली.

ती खाली आली. तिच्या चेहऱ्यावरूनच सगळ्यांना उमगलं. ड्युल्सीनं हातातली चादर झटकली आणि, "ही रोंडाच्या गादीवर घालते," म्हणत जिना चढून गेली. तेवढ्यात फोन वाजला.

"आई! जनेलनं कळवलं! आई, ऐकतेयस ना? तू रडतेयस का?"

"मी न्हाई. ड्युल्सी रडतीय वर."

"ड्युल्सी? तिला कसं कळलं? म्हटलं होतं ना कुणाला सांगू नकोस! अजून घर सोडायची नोटीस द्यायचीय, सामान बांधायचंय, तिकीटसुद्धा काढलं नाहीये."

एफीनं खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात वाद जुंपला होता. विमानतळावर कुणाची गाडी जाणार, कुणाच्या गाडीत जास्त सामान मावतं, कुणाची वाटेत बंद पडते. ह्युबर्ट तर बादली घेऊन आपल्या गाडीकडं निघालासुद्धा होता.

"मग काढ की तिकीट, पोरी," ती म्हणाली. "इथं गाडी धुवायला घेतलीया."