स्पीड विचारणारे कॅप्टन

कॅप्टन पंख्याचं बटण फिरवायचे, मान वर करून पात्यांकडे बघायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "पंखा, तीन." मग क्षणभर थांबायचे. जव्हारची वीज गेलेली असली तर तितक्याच गंभीरपणे म्हणायचे, "पंखा, तीन. फिरत नाही." गॅस, मिक्सर, मोरीतला नळ, दाराची कडी, सगळ्यांची अशी हजेरी व्हायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा एकटा राहतो, जरा सरकलाय.

"बटण दाबलं म्हणजे काम झालं असं नसतं," ते म्हणायचे. "काय लागलंय ते वाच. बोट खोटं बोलतं."

बावीस वर्षं त्यांनी लहान खासगी जेट विमानं चालवली होती. आठ गुबगुबीत खुर्च्या, त्यांतल्या एकीत कुणी उद्योगपती आणि त्याच्यासमोर काजूंची बशी. पुढे डॉक्टरांनी हृदयाकडे बोट दाखवून परवाना थांबवला. तेव्हा ते जव्हारला, शिरपामाळच्या वाटेवर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायला आले. लहानपणी वडिलांच्या नोकरीमुळे चार वर्षं इथल्या शाळेत काढली होती, एवढंच नातं.

माझं लहानपण पत्रकांत गेलं. वडील चळवळीतले. घरात धान्याच्या कणगीपेक्षा पत्रकांचे गठ्ठे उंच. अक्षरं मी 'जाहीर निषेध'वरून गिरवली. उद्गारचिन्ह मला फार लवकर भेटलं, पूर्णविराम बराच उशिरा. त्यामुळे श्रीमंतांची विमानं उडवणारा माणूस आमच्या गावात राहायला आलाय म्हटल्यावर मी काय केलं असेल ते सांगायला नको. 'धनदांडग्यांच्या सारथ्याला जाहीर सवाल!!!' अशा मथळ्याचं पत्रक काढलं आणि शौर्य म्हणून स्वतःच्या हाताने त्यांच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं.

दार लगेच उघडलं. मला पळायला वेळ मिळाला नाही.

"या, पत्रकवाले," ते म्हणाले. हातात लाल पेन्सिल होती. "हे 'गरिबांच्या डोक्यावरून सुकाणू फिरवणारे हात' काढून टाक. विमान चढताना माझे हात मांडीवर असायचे. चढवतो ऑटोपायलट. तू लिही, 'बटण दाबून नुसता बघत बसणारा'. आरोप खरा होईल."

तत्त्व म्हणून मी चहा नाकारला. दुसऱ्यांदा विचारल्यावर तत्त्व म्हणून बिनसाखरेचा घेतला. तिसऱ्या घोटाला तत्त्व सोडून साखर मागितली. त्यानंतर दीड वर्ष मी त्या घरी आठवड्यातून तीनदा तरी जात होतो, म्हणजे नेमका कुणाचा निषेध झाला ते तुम्हीच ठरवा.

त्यांच्याकडे जानीबाई कामाला यायच्या. खालच्या पाड्यावरच्या, जमीन नाही, एरवी मिळेल त्या मजुरीला जाणाऱ्या. पाडा आणि शाळा यांच्यामध्ये एक ओहोळ होता. पावसाळ्यात तो इतका चढायचा की पाड्यावरची पोरं दसऱ्यापर्यंत घरीच. जानीबाईंची नात सांगी त्यापायी एकदा सहावीत मागे पडली होती. आणखी दोन पावसाळे असेच गेले तर पोरीला शाळेतून काढून आईबापाबरोबर वीटभट्टीवर पाठवायचं घरात ठरलं होतं. ओहोळावर साकव हवा होता, एक लहानसा लोखंडी पूल. फाइल कचेरीत पडून होती. हे ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात मथळा तयार झाला.

साकवाचं बोलणं चाललं असतानाच कॅप्टननी एका दुपारी आम्हाला चढणं शिकवलं. त्यांनी तळहात आडवा धरला. तळहात म्हणजे विमान.

"वर जायचं असलं की ऑटोपायलटला दोन तऱ्हांनी सांगता येतं. एक, मिनिटाला दोन हजार फूट चढ, बाकी मला माहीत नाही. ही व्हर्टिकल स्पीड, आमची व्हीएस. दुसरी तऱ्हा म्हणजे फ्लाइट लेव्हल चेंज, एफएलसी. हा वेग सोडू नकोस, तो सांभाळून जेवढं चढता येईल तेवढं चढ. खाली हवा दाट असते, इंजिनात दम असतो, तेव्हा दोन्हींत फरक कळत नाही. वर हवा विरळ होते आणि दम कमी पडतो. एफएलसीवालं विमान मुकाट्याने हळू चढायला लागतं. व्हीएसवालं काय करतं?" त्यांनी बोटं वर उचलली. "हुकूम दोन हजारांचा आहे ना? मग नाक वर. आणखी वर. चढ तसाच राहतो आणि वेग संपत जातो. आत बसलेल्याला वाटतं, वा, काय झोकात चाललंय. मग एका क्षणी पंखांना हवेचा आधार उरत नाही." तळहात धाडकन टेबलावर पडला. माझा चहा सांडला.

जानीबाई केर काढता काढता थांबल्या. "हंडा घेवून चढताना आमचा तसाच हाय, बाबा. पायाला ईचारून चढवाचा. वरच्या झाडाकडं बघत चढला तं हंडा पडल."

कॅप्टन उठून उभे राहिले. "जानीबाई, बावीस वर्षांत मला हे इतकं सोपं कुणी सांगितलं नाही."

मी वहीत 'कष्टकरी स्त्रीचं विज्ञान!' असं लिहून घेतलं. समजलं मात्र काहीच नाही.

माझा आवाज नेहमी वरच लागायचा. एकदा मी म्हणालो, "तुमच्यासारख्यांना घाई म्हणजे काय ते माहीत नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "साहेब मागे घाईत होते. पुढे ढग होते, त्यांच्या वर लवकर पोचायचं म्हणून मी व्हीएसमध्ये पंधराशे लावले आणि रेडिओवर बोलत बसलो. शेजारी नवी को-पायलट. ती म्हणाली, 'सर, स्पीड.' मी ओठांवर बोट ठेवलं. ती पुन्हा म्हणाली, 'सर, स्पीड.' मी म्हटलं, 'दिसतंय मला.' दिसत नव्हतं. मग समोरचा दांडा थडथडायला लागला. विमान पडायच्या आधीचा तो शेवटचा इशारा असतो. माझी वाट न बघता तिने नाक खाली ढकललं. साहेबांचे काजू छताला लागले, माणसं वाचली. खाली उतरल्यावर तिने सगळं लिहून दिलं, आणि मी त्यावर सही केली." मग म्हणाले, "एकाने वाचायचं, दुसऱ्याने स्वतः बघून 'तपासलं' म्हणायचं, असा नियम असतो. मी तिला तपासू दिलं नाही."

'पंखा, तीन' म्हटल्यावर ते कशासाठी थांबायचे, ते मला त्या दिवशी कळलं.

ही गोष्ट ऐकून शहाण्या माणसाने काही शिकावं. मी आंदोलनाचा कार्यक्रम छापला. सोमवारी निवेदन, बुधवारी धरणं, शुक्रवारी रास्ता रोको आणि पुढच्या सोमवारपासून बेमुदत उपोषण. पत्रक कॅप्टनना दाखवून सांगितलं, "अकरा संघटनांचा पाठिंबा आहे."

"विमानाच्या पडद्यावर पांढरं अक्षर म्हणजे तयारीत असलेलं, हिरवं म्हणजे खरंच लागलेलं. तुझे अकरा कुठल्या रंगाचे?"

"लाल," मी अभिमानाने म्हणालो.

त्यांनी डोळे मिटून घेतले.

निवेदनाला पाड्यावरची बावन्न माणसं आली. धरण्याला तीस. रास्ता रोकोला नऊ, आणि तो रस्ता आमच्या आधी गाईंनीच अडवला होता. माणसं जसजशी कमी होत गेली तसा मी माइकचा आवाज वाढवत गेलो. सोमवारी उपोषणाच्या मंडपात पाऊस तिरका आत येत होता. कॅप्टन छत्री घेऊन आले, खुर्ची ओढून बसले.

"स्पीड?" त्यांनी विचारलं.

"मागण्या सात आहेत."

"मी स्पीड विचारला. माणसं किती?"

मी मोजली. "तीन."

"त्यात मी आणि तू. तिसरा कोण?"

"मंडपवाला. खांब न्यायला थांबलाय."

ते हसले नाहीत. हसले असते तर मी ईर्ष्येने आठवडाभर उपाशी राहिलो असतो. ते फक्त म्हणाले, "नाक खाली कर, बाळा."

उपोषण दुपारी पावणेदोनला सुटलं. इतकं अल्पायुषी बेमुदत उपोषण आमच्या घराण्यात झालेलं नाही. मी तावातावाने जानीबाईंना शोधत निघालो. त्या साखरशेत गावातल्या एका शेतात गुडघाभर चिखलात आवणीला होत्या, भाताची रोपं लावत.

"तुमच्यासाठीच लढत होतो आणि तुम्हीच आला नाहीत!"

त्यांनी कंबर सरळ केली. "दादा, आवणीची मजुरी सालात पंधरा दिस. ती सोडून भाषण ऐकू का? दिस कंचा धरवाचा ता तू आमाला ईचारलाच नाय. तुझ्या कागदाला ईचारला." बाजूची बाई म्हणाली, "उपाशी तं आमी तसंय ऱ्हातू, त्याला मांडव कया?" सगळ्या शेताला हसू फुटलं. जानीबाईंनी रोपांची जुडी माझ्या हातात दिली. तासाभरात माझी कंबर गेली. मी लावलेली ओळ माझ्या लिखाणासारखी होती, आवेश भरपूर आणि दिशा कुठलीच नाही. त्यांनी ती उपटून पुन्हा लावली.

चिखलातच मी विचारलं, "मग कधी?" आणि पहिल्यांदा उत्तर येईपर्यंत थांबलो.

भात कापून झाल्यावर आणि माणसं भट्ट्यांवर जायच्या आधी, असं ठरलं. दर बाजाराच्या दिवशी घरटी एक माणूस. बाजाराला जायचंच असतं, तेव्हा कचेरीच्या ओसरीवर दोन तास बसायचं, फाइल कुठे आहे ते विचारायचं, उठायचं. चौदा घरं, चौदा माणसं, दर आठवड्याला. माइक नाही, मंडप नाही. मला तर ते आंदोलनच वाटत नव्हतं. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला कधी दोन आठवडे लागायचे. मी चरफडायचो. कॅप्टन विचारायचे, "स्पीड?" मी म्हणायचो, "चौदा." ते म्हणायचे, "मग चढू दे तिला हळू." माणसं भट्ट्यांवर गेली तेव्हा घरी राहिलेल्या म्हाताऱ्या येऊन बसल्या. चौदाचे तेरा कधी झाले नाहीत.

माघात कॅप्टनची मुलगी त्यांना नाशिकला न्यायला आली. हृदय पुन्हा कुरकुरत होतं. सामान गाडीत गेलं, त्यांनी दाराला कुलूप घातलं आणि दोनदा ओढून पाहिलं. "कुलूप, लागलं." मग थांबले. जानीबाई पुढे झाल्या, स्वतः कुलूप ओढलं आणि म्हणाल्या, "तपासला, बाबा." मी मागे उभा होतो. जाताना त्यांनी लाल पेन्सिल माझ्या खिशात टाकली. "उद्गारचिन्हांसाठी."

होळीच्या आधी फाइल सुटली आणि साकव जूनच्या सुरुवातीला उभा राहिला. महिनाभराने, ओहोळ दुथडी भरलेला असताना, मी शाळेकडच्या काठावरून फोन लावला. "कॅप्टन! साकव झाला!"

"ओरडू नकोस," आवाज बारीक झाला होता. "काय लागलंय ते वाच."

मी साकवाकडे पाहिलं. कठडा हाताने ओढून पाहिला. "साकव, लागला. पाणी, खाली. सांगी..." ती दप्तर डोक्यावर धरून मधोमध पोचली होती. मी थांबलो. ती उतरून माझ्या बाजूच्या दगडावर आली, माझ्या शेजारून शाळेकडे गेली. "सांगी, अलीकडे."

मी फोन साकवाकडे धरला, मागच्या पोरांची पावलं लोखंडावर वाजू दिली आणि परत कानाला लावला.

"तपासलं," कॅप्टन म्हणाले.