उर्पोचे हात

फिनलंडमधल्या ईसाल्मी गावात जुन्या गाड्यांचा रंग उजळायचा तर उर्पो व्हॅन्स्कानेच, असं चौतीस वर्षं चाललं होतं. पॉलिशचं मशीन फिरवायचं, थांबायचं, पत्र्यावर तळवा टेकायचा. तीन आकडे मोजेपर्यंत हात टिकला तर पुढे. नाही तर पत्रा निवू द्यायचा. तापलेला रंग क्षणात जळतो, आणि जळलेल्या रंगाला औषध नाही.

पण मशीनच्या थरथरीने या हिवाळ्यात उर्पोची बोटं पांढरी पडली, मग तळवेही बधिर झाले. डॉक्टर म्हणाले, मशीन सोड. उर्पोने बायकोलासुद्धा सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! स्वभावच तसला, दुखलं तरी विचारू नका म्हणणारा.

आज समोर हेल्वीबाईंची लाल गाडी होती. बाईंनी त्याला शाळेत शिकवलेलं. नवऱ्यामागे त्यांनी गाडी जिवापाड जपली होती, आणि शनिवारी तिच्यातून नात लग्नाला चर्चमध्ये जाणार होती. बोनेटच्या कडेला रंग अगदी पातळ. उर्पोने मशीन थांबवून तळवा टेकला. काहीच कळेना. गार की गरम? शेवटी वाकून त्याने गालच पत्र्याला लावला.

"काय रे, पापी घेतोस का गाडीची?" बाई कॉफीचा थर्मास घेऊन दारात उभ्या.

उर्पो दचकला. थाप सुचेना. "बाई, हातांना काही कळत नाही हो. फार भीती वाटते. तुमची गाडी जाळून ठेवीन मी."

बाई हातमोजा काढून म्हणाल्या, "चालव मशीन. तापलं की मी सांगते."

उर्पो कडेवरून हलकेच मशीन फिरवू लागला. थांबला की बाई तळवा टेकत, "चालू दे" म्हणत. लाल रंग हळूहळू उजळत होता. उर्पोला जरा धीर आला. पुढच्या खेपेला सवयीने त्यानेही आपला तळवा बाईंच्या हाताशेजारी टेकला आणि मोजू लागला. एक, दोन...

"आई गं!" बाईंनी झटकन हात ओढून घेतला. "चटका बसला रे! रंग वाचला, पण आता थांब. अरे, आधी हात काढ तुझा!"

उर्पोचा हात तिथेच होता. तो तीन म्हणणार होता, आणि पुढे मशीन चालवणार होता.

त्याने मशीनची वायर भिंतीतून उपसली. "सोमवारच्या गिऱ्हाइकाला फोन करतो," तो म्हणाला, "येऊ नका म्हणून."