दुसरी ताटली

आमच्या लॅबमध्ये पेशी वाढोत न वाढोत, किस्से मात्र बिनबोभाट वाढतात. एक सांगायला बसावं तर त्याच्या पोटातून दोन निघतात. त्यांची वाढ रोखणारं औषध अजून कुणाला सापडलेलं नाही! लोक ऐकून हसतात. हसोत बापडे. मला मात्र यातला एकही आठवला की डोक्यात तिडीक जाते.

लॅब म्हणजे बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मागच्या अंगाच्या दोन खोल्या. मी तिथे अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते. संशोधनाचा विषय साधा आहे. आपल्या डोंगरात मुबलक असलेल्या सीताफळाच्या पाल्यातली संयुगं कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबवतात का, एवढंच बघायचं. मदतीला लॅब अटेंडंट दगडूमामा. या मामांच्या बायकोला, सुमनकाकूंना, दिवाळीच्या तोंडावर स्तनाचा कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी केमोसाठी संभाजीनगरला जायचं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, तारखा चुकवल्या नाहीत तर बऱ्या व्हाल. हे ध्यानात ठेवा आणि मग पुढचं ऐका.

*

आमच्याकडच्या कॅन्सरच्या पेशी मूळच्या एका परदेशी बाईच्या. बाई कधीच गेली, पेशी अजून जगभरच्या लॅबमध्ये वाढतायत. त्यांना दर दोन दिवसांनी गुलाबी पोषक द्रव बदलून द्यावा लागतो. हे कळल्यापासून मामा रोज सकाळी विचारायचे, "म्याडम, बाईंचं जेवण झालं का?"

एकदा आमचे विभागप्रमुख, म्हणजे एचओडी सर, पाहुण्यांना लॅब दाखवत होते. छाती फुगवून म्हणाले, "ही आमची सेल लाईन!" मामा फरशी पुसत होते. तिथूनच म्हणाले, "सर, बाईच्या घरच्यांना इचारलं व्हतं का?"

"दगडू, तू फरशी पूस!"

अकरा वर्षांत त्या खोलीत विचारला गेलेला सगळ्यात शहाणा प्रश्न, आणि त्याला हे उत्तर!

*

एका शनिवारी दुपारी लाईट गेली ती रविवारी संध्याकाळी आली. जनरेटर होता, पण तो संस्थेच्या अध्यक्षसाहेबांच्या केबिनच्या एसीला जोडलेला. केबिनला कुलूप, एसी बंद, जनरेटर गप्प. इकडे पेशींचं उबदार कपाट थंडगार पडलं. सोमवारी बघते तर महिनाभर वाढवलेल्या सगळ्या पेशी मेलेल्या!

मी रडकुंडीला आलेली. एवढ्यात एचओडी आले, डोकावले आणि म्हणाले, "वा! शंभर टक्के मेल्या? काय जबरदस्त रिझल्ट आहे!"

"सर, ज्यांना औषध घातलंच नव्हतं त्यापण मेल्यात. ही किमया पाल्याची नाही, लाईटीची आहे."

सरांनी क्षणभर विचार केला. "मग त्या लिहू नका."

*

अध्यक्षसाहेब लॅबमध्ये आले तेव्हा त्यांना समजावायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं, "साहेब, प्रत्येक पेशीत काही जनुकं ब्रेकचं काम करतात. वाढ पुरे झाली की थांबवतात. हे ब्रेक बिघडले की कॅन्सर होतो. आपलं संयुग ते ब्रेक पुन्हा लावतं की सगळी गाडीच जाळून टाकतं, हे अजून तपासायचंय."

साहेब मोबाईलमध्ये. मान डोलावली, फोटो काढला, गेले. मामांनी मात्र सगळं कान देऊन ऐकलं होतं.

"म्याडम, ही ब्रेकवाली जनुकं आपल्या संस्थेत लई हायेत."

"म्हणजे?"

"अकरा सालात तुमाला पर्मनंट हुऊ दिलं न्हाई!"

*

आता मुख्य गोष्ट. आमच्या चाचणीत पेशींवर एक रसायन घालतात. पेशी जिवंत असतील तिथे गडद जांभळा रंग येतो, मेल्या असतील तिथे फिकट राहतं. ज्या छोट्या छोट्या वाट्यांच्या प्लेटमध्ये हे करतात तिला मामा ताटली म्हणायचे. कॅन्सरच्या पेशींच्या ताटलीत पाल्याचा अर्क घातला आणि ती फिकट पडली. एचओडींनी लगेच पेढे आणवले.

मी पेढा खाल्ला नाही. दुसरी ताटली लावली. तिच्यात धडधाकट पेशी, अर्क तोच, मात्रा तीच. दोन दिवसांनी तीही फिकट! कॅन्सर मेला होता खरा, पण त्याच्याबरोबर चांगलंही मेलं होतं. म्हणजे हातात औषध नव्हतं, विष होतं. त्यातलं कामाचं संयुग वेगळं काढायला अजून वर्षं लागली असती.

मी दुसरी ताटली सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी ती बोटाने अलगद बाजूला सारली. "मॅडम, लोकांना कॅन्सर झालाय. निरोगीपणा थोडाच झालाय!"

*

तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी: सीताफळाच्या पाल्याने कॅन्सरवर मात! वर अध्यक्षसाहेबांचा फोटो, हातात फांदी. ज्या माणसाने लॅबमध्ये चार मिनिटं काढली, तो पेपरात शास्त्रज्ञ!

आठवड्याभरात कपिलधारच्या रस्त्याकडेची सीताफळाची झाडं बोडकी झाली. महिन्याभराने युसूफ वडगावचा एक गृहस्थ आईसाठी पोतंभर पाला घेऊन थेट लॅबच्या दारात. "किती टाइम उकळायचा?"

मी हात जोडले. "दादा, नका पाजू. आईला दवाखान्यात न्या."

"पेपरात आलंय की! मंग तुमी कावून लपवता?"

तो गेला आणि मी मामांकडे वळले. मामा नजर चुकवत होते. खोदून विचारलं तेव्हा बोलले. काकूंच्या दोन तारखा हुकल्या होत्या. केमोनं उलट्या होतात, केस गेले, आणि इकडे आपल्याच कॉलेजचं औषध निघालेलं. रोज सकाळी तांब्याभर काढा चालू होता.

मी तोंडाला येईल ते बोलले मामांना. अडाणी म्हटलं, वेडे म्हटलं. बापाच्या वयाच्या माणसाला! मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "म्याडम, तुमी हितं पाला उकळला तर त्यो शोध, अन् म्या घरी उकळला तर येडेपना?"

बातमी आली त्याच दिवशी मी पेपरवाल्यांकडे जायला हवं होतं. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले. सगळ्यात जास्त राग मला माझाच आहे.

*

पुढच्या आठवड्यात अध्यक्षसाहेबांचा सत्कार ठरला. स्टेजवर पुरावा म्हणून कोण? सुमनकाकू! "आमच्या औषधाने बऱ्या झालेल्या पहिल्या भगिनी." पत्रिकेत तसं छापूनही आलं. बाईच्या अंगातली गाठ तशीच, आणि पत्रिकेत ती बरी!

आदल्या दिवशी मी काकूंना लॅबमध्ये बोलावलं. दोन्ही ताटल्या समोर ठेवल्या. जांभळं म्हणजे जिवंत, फिकट म्हणजे मेलेलं, एवढंच सांगितलं. काकूंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि पहिली ताटली बघितली. मग दुसरी. ती मात्र बराच वेळ हातात धरली.

"ह्या चांगल्या व्हत्या?"

"हो काकू. एकदम धडधाकट."

"बैलाच्या जखमेत अळ्या पडल्या की आमी ह्योच पाला ठेचून बांधतो," त्या म्हणाल्या. "पण बैलाला कुनी पाजत न्हाई." ताटली खाली ठेवली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला. अध्यक्षसाहेब फेट्यात, एचओडी माईकवर. काकूंचं नाव पुकारलं. टाळ्या! काकू स्टेजवर आल्या. एका हातात प्रवासाची पिशवी, दुसऱ्या हातात झाकण घातलेला तांब्या. मामा पायरीपाशी उभे. काकूंनी साहेबांच्या पुढ्यातला पाण्याचा ग्लास उचलला, पाणी कुंडीत ओतलं, तांब्यातला काढा ग्लासात भरला आणि साहेबांपुढे ठेवला.

"घ्या सायेब. ताजा हाय."

साहेब हसले. लोकही हसले. "अहो काकू, मला कशाला? मी तर धडधाकट माणूस!"

"मंग तुमीच पायजेत," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या ताटलीला धडधाकटच लागतो. घ्या बिगीबिगी, अकराची संभाजीनगरची गाडी हाय आमची."