सामाईक भिंतीतली वीट

गिरणीनं कामगारांसाठी बांधलेल्या बैठ्या घरांपैकी दोनच उरली होती. त्यातल्या एकात सूतखात्यातून निवृत्त झालेल्या काकू राहायच्या. जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा कार्यालयातली बाई घराची पाहणी करायला आली. शेजारच्या घराशी सामाईक असलेल्या भिंतीतली एक वीट हलताना पाहून ती म्हणाली, "ही पक्की बसवून घेऊ."

"नको गं," काकू म्हणाल्या. "माझी सकाळपाळी, शेजारणीची दुपारची. मी कामावर गेले की ती वीट काढून ठेवायची, म्हणजे माझं बाळ रडलेलं तिला ऐकू यायचं. दुपारी मी तिच्या पोरीकडे कान ठेवायची. अशी आम्हा दोघींची मिळून पाच पोरं वाढली."

घराचं वय, कौलं, चौकटी हे सगळं बाईनं आधीच टिपलं होतं. आता तिनं नवं पान उघडून शेजारणीचं नाव विचारलं. काकूंनी ते सावकाश, दोनदा सांगितलं.

पुढे घर वारसायादीत आलं, ते त्या नावासकट.