बाबांच्या टेपचं टोक

माझे सासरे शाळांची बाकं बनवतात. एकोणतीस वर्षं एकच कारखाना आणि कानावर पेन्सिल. ती पेन्सिल ते झोपतानाही काढत नाहीत, त्यामुळे उशीच्या अभ्र्यावर रेघा असतात आणि सासूबाई त्या धूत बसतात. बाबांच्या बाकांवर बसून हजारो पोरं भूमिती शिकली असतील. बाबा स्वतः मात्र सातवीनंतर बाकावर बसले ते फक्त बाक डुगडुगतं का ते बघायला.

यंदा त्यांची मुकादमाची परीक्षा होती. दोनदा गणितात आपटले होते, आणि वयाच्या अटीमुळे ही तिसरी खेप शेवटची. मुकादमाला काचेची खोली मिळते, तिथे लाकडाचा भुसा येत नाही. बाबा खोकायला लागले की सासूबाईंची भाजी चिरणारी सुरी थांबायची. मी शाळेत गणित शिकवते, तेव्हा शिकवणी माझ्याच गळ्यात पडली. सासऱ्यांना नापास म्हणायचं कसं, या विचारानं मला घाम फुटला होता.

पहिलाच प्रश्न आयताचा. समोरासमोरचे दोन कोपरे, एक (२, ३) वर, दुसरा (१०, ७) वर. मध्यबिंदू काढा.

"चार आणि दोन," बाबा क्षणात म्हणाले.

मी आलेखावर ठिपका दिला. तो आयताच्या बाहेर पडला.

"बाबा, तुमचा खिळा फळीत नाही, हवेत गेलाय."

"फळी दोनपासून दहापर्यंत. म्हणजे आठ. निम्मे चार. यात काय चुकलं?"

"हे चार मोजले कुठून?"

"फळीच्या टोकापासून! सगळं जग तिथूनच मोजतं."

"पण शून्य तिथे नाहीये. शून्य इकडे कोपऱ्यात आहे."

"ते तिकडे नेऊन ठेवलं कोणी? मला विचारलं होतं?"

आठवडाभर हेच. वजा करायचे, निम्मे करायचे आणि माझ्याकडे असं बघायचे की मीच शून्य चोरलंय. सूत्र पाठ करून घेतलं, तर सूत्र बरोबर म्हणायचे आणि उत्तर आपल्याच पद्धतीनं काढायचे. परीक्षा दहा दिवसांवर आली. शेवटी रविवारी सकाळी, बाबा आंघोळीला गेलेले असताना, सासूबाईंनी पत्रा कापायची कात्री माझ्या हातात ठेवली. बेत माझाच होता, पण कात्री त्यांनी दिली हे मी आजही सगळ्यांना सांगते. मी बाबांच्या लाडक्या स्टीलच्या टेपचं पुढचं बारा सेंटिमीटरचं टोक, आकड्यांसकट, कापलं आणि तुकडा पिठाच्या डब्यामागे सरकवला.

"अहो, त्या फळीच्या मधोमध एक हूक लावून द्या ना," सासूबाई मधाळ आवाजात म्हणाल्या.

बाबांनी टेप ओढली आणि घर दणाणलं. "टोक कुठे गेलं हिचं?"

"जुनीच होती, तुटलं असेल कुठेतरी," सासूबाई म्हणाल्या.

"अरेरे," मी म्हणाले, "आता काम अडलं."

"टेप तुटली म्हणून काम अडतं होय? नवशिक्यांचं अडतं!" त्यांनी फळीच्या डाव्या टोकाला बाराची खूण धरली. उजव्या टोकाला ब्याण्णव आले. "बारा आणि ब्याण्णव, एकशेचार. निम्मे बावन्न." पेन्सिल कानावरून उतरली आणि बावन्नवर खूण झाली.

"बाबा, बेरीज का केलीत?"

"मग काय वजाबाकी करू? ऐंशीचे निम्मे चाळीस, आणि चाळीसवर खूण केली तर हूक जाईल भलतीकड..."

ते थांबले. फळीकडे बघितलं, टेपकडे बघितलं, मग माझ्याकडे. हूक तसाच ठेवून वहीकडे गेले. "दोन आणि दहा, बारा. सहा. तीन आणि सात, दहा. पाच." ठिपका आयताच्या बरोबर पोटात बसला. मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंना मिठीच मारली, आणि त्यांच्या हातातलं पीठ माझ्या पाठीला लागलं.

पुढचे दहा दिवस बाबांनी त्रिकोण, चौकोन, जे दिसेल त्याच्या बाजू निम्म्या केल्या. समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना मध्यावर छेदतात हे तर मला शिकवावंच लागलं नाही. बाकामागे आडव्यातिडव्या पट्ट्या ठोकून त्यांची हयात गेली होती.

निकाल लागला. बाबा पास झाले, गणितात सर्वांत वर. घरी येऊन चपला काढता काढता म्हणाले, "परीक्षेत एकदा गडबडलो होतो. खिशातल्या टेपची तुटकी कड चाचपली, मग जमलं." सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मीही नाक ओढलं.

"आता तो तुकडा दे," बाबा म्हणाले. "पिठाच्या डब्यामागचा."

सासूबाईंचा पदर डोळ्यांवरच राहिला.

"टेप आपोआप तुटली की वेडीवाकडी तुटते गं, सूनबाई. हिला तर कात्रीचे दात लागलेत. त्याच दिवशी कळलं होतं, आणि डब्यामागे तुकडा चमकतानाही दिसला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"मास्तरीणबाई पहिल्यांदाच काहीतरी नीट शिकवत होत्या." ते कपाटापाशी गेले आणि कात्री काढून नव्या झोळीत टाकली. "पुढच्या खेपेला आमच्या कारखान्यातले दोघं बसतायत परीक्षेला. जेवायला जाताना टेपा टेबलावरच ठेवून जातात, आणि माझ्या काचेतून ते टेबल स्वच्छ दिसतं."