पांढरं काळीज

तिसऱ्या बोकडाच्या पोटात हात घालून काळीज बाहेर काढलं आणि मी सुरी खाली ठेवली. काळीज पांढरं होतं.

अगदी दुधासारखं नव्हे, भिजवून ठेवलेल्या कणकेसारखं. बोटानं दाबलं तर बोट आत रुतत होतं.

दुपारचे साडेबारा झाले होते. गुंजवण्यात, धरणाच्या पाण्याजवळ कदमचा टेंट कॅम्प आहे, त्याच्या मागच्या बाजूला मी बसलो होतो. पुढच्या बाजूला पुण्याच्या एका कंपनीची सत्तर माणसं राजगड उतरून आली होती. जेवण दोन वाजता. पहिल्या दोन बोकडांचं मटण पातेल्यात गेलं होतं. तिसऱ्याची आचारी वाट बघत होता.

मी भोरचा मुलाणी. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण काळीज बघून जनावराची तब्येत सांगायला शाळा लागत नाही. आधी ते काय असतं ते सांगतो. लोक काळीज म्हणून छातीवर हात ठेवतात. ते चूक आहे. आमच्या धंद्यात काळीज म्हणजे लिव्हर, हॉटेलात ज्याला कलेजी म्हणतात ते. निरोगी बोकडाचं काळीज गडद तांबडं असतं, चकचकीत असतं, धार लावल्यासारख्या कडा असतात. कडा सुजून गोल झाल्या की समजायचं, काहीतरी बिघडलंय.

मी कडेला चीर दिली. आतल्या नळीतून पानासारखे चपटे किडे बाहेर आले. भातखाचरातल्या आणि धरणाकाठच्या ओल्या गवतावर जनावर चरलं की हे किडे पोटात जातात. नुसते किडे असले तर काळीज टाकून बाकीचं मटण चालतं. म्हणून मी चरबी बघितली. बोकडाची चरबी पांढरीशुभ्र पाहिजे. ही पिवळी होती. मटणाला पाणी सुटलं होतं. म्हणजे कावीळ अंगभर पसरली होती. असं जनावर पूर्ण बाद.

आता खरं तेच सांगतो, नाहीतर लिहून उपयोग नाही. जनावर कापायच्या आधी त्याची पापणी उलटून बघायची असते. आतली बाजू लाल असली तर रक्त चांगलं. माझ्या बापानं मला हे सुरी हातात द्यायच्या आधी शिकवलं होतं. त्या दिवशी पहिल्या दोघांच्या पापण्या मी उलटल्या. तिसऱ्यानं टेम्पोतून उतरतानाच कदमच्या मांडीवर ढुशी मारली. सगळे हसले, मीही हसलो. म्हटलं, तगडा गडी आहे, ह्याला काय बघायचं.

तेवढ्यात पलीकडून कदमची हाक आली. "चाचा, उरकलं का? आचारी डोकं खातोय माजं!"

"झालंच," मी म्हणालो. आणि पळसाचं एक मोठं पान त्या काळजावर ठेवलं.

का ठेवलं? ह्या गावातल्या जत्रेचा बोकड माझ्या आजापासून आमच्याच हातानं कापला जातो. मुलाण्यानं न बघता आजारी जनावर कापलं, हे इथं कुणाला कळलेलं मला नको होतं. काळीज नाल्यात फेकलं, पिवळी चरबी खरवडून काढली, तर मसाल्यात कुणाला काय दिसणार होतं? मी चरबी खरवडायला सुरुवात केलीसुद्धा.

नळावर हात धुवायला कंपनीच्या एक मॅडम आल्या. पन्नाशीच्या, गोऱ्या, डोक्यावर टोपी. वाऱ्यानं पान सरकलं आणि त्या वाकल्या.

"चाचा, हे काय आहे?"

"काळीज. लिव्हर."

"असं पांढरं?" मग एकदम हसल्या. "लिली-लिव्हर्ड! हा शब्द मी बारा वर्षं शिकवला, पण बघितला आज."

मला इंग्रजी येत नाही. पण हसणं कळतं. मी सुरी घेऊनच उभा राहिलो. "मला शिवी दिली का?"

"अहो नाही, तुम्हाला नाही! मी आधी इंग्रजी शिकवायचे. त्यातला जुना शब्द आहे. लिली म्हणजे एक पांढरं फूल. लिव्हर लिलीसारखं पांढरं असलेला, म्हणजे भित्रा."

"लिव्हरचा आणि भ्यायचा काय संबंध?"

"जुन्या काळी तिकडच्या लोकांना वाटायचं की माणसाचा धीर लिव्हरमध्ये असतो. लिव्हर रक्तानं भरलेलं असलं तर तो शूर. भित्र्याच्या लिव्हरमध्ये रक्तच नसतं, म्हणून ते पांढरं."

"कुणी कापून बघितलं हुतं?"

"नाही हो. अंदाज."

"अंदाजावर शिवी?" मी म्हणालो. "मॅडम, पन्नास वर्षं काळजं काढतोय. भ्यालेल्या बोकडाचं काळीज लालभडक बघितलंय. आन् हे पांढरंफटक काळीज ज्याचं, त्यानं सकाळी मालकाला ढुशी मारली. हा भित्रा न्हाई. हा आजारी हाय."

मॅडमचं हसू गेलं. त्यांनी पानाकडं बघितलं, मग टांगलेल्या बोकडाकडं, मग माझ्याकडं.

"आजारी आहे तर पानाखाली का ठेवलंत?"

मी सुरी पुसायला लागलो. त्या तिथंच उभ्या राहिल्या. ओरडल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

मी कदमला हाक मारली.

कदम चाळिशीचा. धरणात घरची जमीन गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यानं हा कॅम्प उभा केला. मेहनती आहे. त्याच्या बापाची आणि माझी ओळख, म्हणून मला चाचा म्हणतो. त्यानं काळीज बघितलं आणि नाकाला रुमाल लावला.

"मग टाका की ते. बाकीचं द्या."

"बाकीचं बी बाद हाय. चरबी बघ."

"चाचा, दोन बोकडांत सत्तर माणसं कशी जेवायची? ही कंपनी परत येईल का माज्याकडं?"

"हे खाऊन माणसं आडवी पडली तर येईल का?"

"पातेल्यात तासभर उकळणार हाय ते. कोण आडवं पडतंय?" मग त्याच्या ध्यानात आलं. "आन् तुमी जित्तेपणी बघितला न्हाई व्हय ह्याला? तुमचं डोळं कुठं हुतं?"

मॅडम ऐकत होत्या. आचारीही झारा घेऊन आला होता.

"न्हाई बघितला," मी म्हणालो. "पापणी उलटली न्हाई. चूक माजी."

सत्तरीत हे चार शब्द बोलायला काय लागतं, ते बोलल्याशिवाय कळत नाही.

कदमनं मान हलवली. "वय झालं चाचा तुमचं. नजर अधू झाली की सगळंच आजारी दिसतं. भ्याला तुमी. बाजूला व्हा, रफिकला फोन लावतो."

रफिक माझा थोरला. दुकान आता तोच बघतो. पण गुंजवण्यात फोनला रेंज मिळायची म्हणजे धरणाच्या भिंतीवर जावं लागतं. कदमला तेवढा दम नव्हता. त्यानं आचाऱ्याला सांगितलं, "सत्तूर घे. तू कर तुकडे."

आचारी माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला म्हणालो, "बाबा, तू हात लावू नकोस."

"घे म्हणतो ना!" कदम ओरडला.

आचाऱ्यानं सत्तूर उचलला. सव्वा वाजून गेला होता. पुढच्या बाजूनं ताटांचा आवाज यायला लागला होता. कदमला बोलून थांबवता येणार नव्हतं आणि माझ्या अंगात आता कुणाला धरून ठेवायची ताकद नाही.

कत्तलखान्यात डॉक्टरांनी जनावर बाद केलं की त्यावर फिनेल ओततात. मग ते कुणी चोरूनही विकू शकत नाही. नळाजवळ संडास धुवायचा फिनेलचा कॅन होता. मी तो उचलला, झाकण काढलं आणि अख्खा कॅन बोकडावर रिकामा केला. वरून खालपर्यंत.

वास असा सुटला की आचारी चार पावलं मागं गेला.

कदमनं पुन्हा नाकाला रुमाल लावला. मग आचाऱ्याला म्हणाला, "अंडी किती हायती?"

जेवण तीन वाजता झालं. दोन बोकडांच्या रश्श्यात उकडलेली अंडी सोडली होती. दोघं-तिघं कुरकुरले. मॅडमनी त्यांना काय सांगितलं माहीत नाही, पण नंतर कुणी बोललं नाही. मी बोकड खड्ड्यात पुरला आणि वर चुना टाकला. काळजाचा तुकडा पिशवीत घालून वेल्ह्याच्या गुरांच्या डॉक्टरांकडं नेला. ते म्हणाले, बाद केलंत ते बरोबर. पापणीबद्दलही त्यांनी विचारलं. तेही सांगितलं.

कदमनं त्यानंतर मला बोलावलं नाही. हायवेवरचा दुसरा कुणी येतो म्हणे. रफिक चार दिवस माझ्याशी बोलला नाही, पाचव्या दिवशी चहा घेऊन आला.

जुन्या इंग्रजांचं म्हणणं मला पटलेलं नाही. त्यांनी काळीज फक्त ताटात बघितलं असणार. भीती काळजाच्या रंगावरून कळत नाही. त्या दिवशी मी कदमला भ्यालो, गावाला भ्यालो, स्वतःच्या नावाला भ्यालो. पुढं बसलेली सत्तर माणसं मात्र शेवटी आठवली, तीही बाईमाणसानं विचारल्यावर. सुरी धरणाऱ्यानं भ्यावंच. फक्त कुणाला भ्यायचं, ते सुरी लावायच्या आधी ठरवावं.